दादाच्या उपरण्यातला भंडारा

एकदा उचललेला बेलभंडारा परत खाली ठेवता येतो का?

हा प्रश्न आधी माझ्या थोरल्या भावानं विचारला. तो गेल्यावर मी विचारला. महाराजांना विचारला, मास्तरांना विचारला. मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावणाऱ्या बाईंनापण विचारला. त्या म्हणाल्या, "पुढं चला, लाईन अडली!"

एवढंच उत्तर मिळालं आजवर.

आमचा धंदा माईकचा. वाळूज एमआयडीसीच्या मागं माउलीनगर म्हणून वस्ती आहे, तिथं आमचं मंडप आणि साउंडचं गोडाऊन. मालक माझा भाऊ निवृत्ती. मी सोपान, पण सगळे सोप्या म्हणतात. सातवीतून शाळा सोडली आणि दादाच्या हाताखाली वायरी गुंडाळायला लागलो. सप्ताह, लग्न, उरूस, सभा, दहावा, कुठंही माईक आमचाच. त्यामुळं दोन्ही बाजूंचं सगळं आमच्याच कानावर पडतं. असे किस्से गोडाऊनमधल्या वायरींसारखे असतात. कोपऱ्यात साचत राहतात, आणि एक ओढायला गेलं की दहा बाहेर येतात. आता दादा नाय, तर रोज ओढल्या जातात. कुणीतरी ओट्यावर येऊन बसतं आणि म्हणतं, "सोप्या, ते सांग ना निवृत्तीचं!"

शेवट आधीच सांगून टाकतो. निवडणूक झाली. आण्णा निवडून आला. विठ्ठल मंदिराचा सभामंडप अर्धा झालाय, सळया वर आलेल्या आहेत. दारूचं दुकान पूर्ण झालंय. त्यामुळं पुढं काय झालं म्हणून कुणी उत्सुकतेनं बसू नका.

*

दादा माळकरी. मटण नाय, दारू नाय, तंबाखूपण नाय. माईक तपासताना सगळं जग "हॅलो, चेक, वन टू थ्री" म्हणतं. दादा म्हणायचा, "रामकृष्ण हरी, चेक! रामकृष्ण हरी, चेक!"

आता आमच्या वार्डात उभे होते दोघं. एक आण्णा. पहाटे काकड्याला सगळ्यांच्या आधी हजर, कपाळाला गंध, गळ्यात माळ. आणि देशी दारूचं दुकान मेव्हण्याच्या नावावर. दुसरे मास्तर, शाळेतून रिटायर झालेले. चहासुद्धा अर्धा कप पिणार. पण देव मानत नाहीत. मंदिरासमोरून जाताना मान सरळ, हात खिशात.

म्हणजे एक देव मानणारा पण दारू विकणारा, आणि एक दारू न विकणारा पण देव न मानणारा. आमच्या भजनी मंडळाची पार गोची झाली!

मास्तरांची पहिली सभा होती. खुर्च्या शंभर, माणसं चार, त्यातले दोन आम्हीच. दादानं सवयीनं माईक हातात घेतला आणि म्हणाला, "रामकृष्ण हरी, चेक!"

कीर्तन आहे असं समजून अख्खी गल्ली बाहेर आली. बायका पोरं घेऊन आल्या, म्हातारे सतरंजीवर मांडी घालून बसले. खुर्च्या भरल्या, वर माणसं उभी राहिली.

मास्तर चिडले. "निवृत्ती, ही माझी सभा आहे, कीर्तन नाही!"

दादा म्हणाला, "मास्तर, आमच्या माईकला दुसरं काय येत नाय."

मास्तरांची तेवढी एकच सभा भरली. पुढच्या सभेला त्यांनी दुसऱ्याचा माईक आणला. माणसं चार!

*

आमच्याकडं सलीमभाई आहेत, इलेक्ट्रिकचं सगळं त्यांच्याकडं. मूळचे खुलताबादचे, दादापेक्षा मोठे, पाच वेळचे नमाजी. हरिपाठ त्यांना आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त पाठ, कारण वीस सप्ताहांना मिक्सरवर तेच बसलेले.

एकदा सप्ताहात महाराजांचं कीर्तन चाललं होतं. आमचे महाराज वस्तीतलेच, गळा लई गोड. त्या दिवशी विषय दारूचा. शेजारी पाहुणे म्हणून आण्णा बसलेला, गळ्यात हार. महाराज रंगात आले. "दारू पिणारा कुठं जातो? नरकात जातो!" टाळ वाजले. आण्णानंपण टाळ्या वाजवल्या, चांगल्या जोरात.

सलीमभाई मिक्सरवर होते. माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "और बेचनेवाला?"

हळूच म्हणाले, पण बाजूला ठेवलेला माईक चालू होता.

बारा भोंगे होते त्या दिवशी. पार एमआयडीसीच्या गेटपर्यंत गेलं, "और बेचनेवाला?"

महाराजांनी आण्णाकडं बघितलं. आण्णानं वर पंख्याकडं बघितलं. मग महाराजांनी डोळे मिटले आणि "विठ्ठल विठ्ठल" सुरू केलं, ते आरतीलाच थांबले.

नंतर ते दादाला म्हणाले, "निवृत्ती, तुझ्या माणसाला आवर."

दादा म्हणाला, "आवरतो. पण महाराज, आवाज तर सगळीकडं गेला. उत्तर द्यावं लागंल ना?"

महाराज म्हणाले, "सभामंडप होऊ दे एकदा."

*

आता तुम्ही म्हणाल, दादानं दुकानाला विरोध का केला नाय? केला होता! त्याचीच तर गंमत आहे.

दुकान आधी आमच्याच गल्लीत होतं, शाळेच्या भिंतीला लागून. समोर सुमनकाकू राहतात. त्यांचा नवरा दारूनं गेला, आणि मुलगा पिंटू त्याच रस्त्यानं निघालेला. काकूंनी बायका गोळा केल्या, सह्या केल्या, तहसीलला खेटे घातले आणि मतदान मंजूर करून आणलं. त्या मतदानाच्या चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. दुकान राहू द्यायचं तर उभीवर शिक्का, बंद करायचं तर आडवीवर.

दादानं आठ दिवस फुकट भोंगा फिरवला. स्वतः बोलायचा, "माउल्यांनो, बाटली आडवी करा! रामकृष्ण हरी!" एका आजीबाईंनी तर शिक्का मारल्यावर चिठ्ठीच्या पाया पडून घेतलं.

बाटली आडवी झाली. दुकानाला कुलूप लागलं. काकूंनी गल्लीत साखर वाटली.

महिना झाला नसेल, रस्त्याच्या पलीकडं नवीन शटर उघडलं. पलीकडची बाजू दुसऱ्या वार्डात येते. तिथल्या बायकांनी तर मतदान केलंच नव्हतं! मधला रस्ता एक रिक्षा जाईल एवढा.

दादा भोंगा उतरवत होता. काकू आल्या, पलीकडं बघत उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "निवृत्ती, आडवी केलेली बाटली चालत चालत रस्ता ओलांडून गेली की रं!"

त्या हसल्या. दादा हसला नाय. शटरच्या आत पिंटू बसलेला दिसत होता.

*

एकदा गोडाऊनमध्ये डबा खाताना आम्ही सलीमभाईंना छेडलं, "तुमचं बरं आहे भाई. तुमच्याकडं एकदा सांगितलं की सगळे एका बाजूला. डोक्याला ताप नाय."

सलीमभाईंनी भाकरी खाली ठेवली. "कोण म्हनतं? आमच्याकडं पन सेम टू सेम चालू आहे."

झालं होतं असं की सलीमभाई राहतात त्या वार्डात त्यांच्याच समाजाचा एक उमेदवार होता. मोठे लोक म्हणत होते, आपला माणूस आहे, मत आपल्याच माणसाला. पण त्या आपल्या माणसानं कब्रस्तानाचा एक कोपरा दाबून तिथं गाळे काढले होते. समोरचा परका, त्याच्या पक्षाची भाषणं ऐकली की सलीमभाईंचं जेवण जायचं नाय. पण टँकर त्याचाच यायचा, न चुकता. आणि आमच्या शहरात नळाला पाणी कधी येतं ते तुम्हाला माहीत आहे.

सलीमभाई घरी डोकं धरून बसले होते. भाभी भांडी घासत होत्या, म्हणजे पाणी नव्हतं म्हणून राखेनं पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "मरे बाद की जगा होना, के जीते जी पानी होना? एक बोलो!"

"मग तुम्ही काय म्हणालात?" दादानं विचारलं.

"क्या बोलता? मैं बोला, अपने को दोनो तरफ से प्यासाच मरना है."

आम्ही लई हसलो. दादाला ठसका लागला. सलीमभाईंनी त्याला पाणी दिलं, आमच्या जारमधलं, विकतचं.

शहराच्या नावावरून पण असंच. महाराज एक नाव घेणार, सलीमभाई दुसरं. दोघं ओट्यावर असले की दादा नुसतं "शहर" म्हणायचा. "शहरात गेलतो, शहरातून आलो." मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "माईक भाड्यानं देतो बाबा आपण. आपल्याला नाव घेणं परवडत नाय."

*

आता भंडाऱ्याचं सांगतो.

एके दिवशी काकडा झाल्यावर आण्णा पितळी ताट घेऊन देवळात आला. ताटात बेलाची पानं आणि पिवळाधमक भंडारा. आपल्याकडं शपथ कशी घेतात ते माहीत आहे ना? बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घ्यायचा, देवासमोर बोलायचं, भंडारा कपाळाला लावायचा. झालं. ती शपथ कोर्टातल्या शपथेसारखी नसते. ती मोडली तर वंश बुडतो असं आमची आई म्हणते.

आण्णा म्हणाला, "मंडळी, सभामंडपाचं काम आजपासून सुरू करतो. पण गावानं साथ द्यायला पाहिजे. देवाच्या कामात साथ देणार त्यानं उचला!"

देवाच्या कामाला नाही कोण म्हणतं? गेल्या सप्ताहात पत्र्यावरून पाणी गळून सगळी ज्ञानेश्वरी भिजली होती. मंडळातल्या सगळ्यांनी उचललं. महाराजांनी पहिलं. दादानंपण उचललं.

सगळ्यांच्या तळहातावर पान आणि भंडारा आल्यावर आण्णाचा माणूस पुढं झाला. म्हणाला, "आता माझ्या मागं बोला. विठ्ठलाच्या साक्षीनं शपथ घेतो, की माझं आणि माझ्या घरातलं मत आण्णालाच."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पण हातात तर आलं होतं! देवासमोर उचललेलं खाली कसं ठेवणार? एकेकानं पुटपुटत बोलून टाकलं आणि कपाळाला लावलं. सगळं मंडळ पिवळं.

मी तेवढा सुटलो. का, तर मी वर कळसाजवळ भोंगा बांधत होतो. खालून आण्णानं ओरडून विचारलं, "सोप्या, तुझं काय?"

मी वरूनच म्हणालो, "आण्णा, दोन्ही हातांनी धरलंय! उचलू कशानं?"

दादानं मात्र एक गोष्ट केली. ओठ हलवले, काय बोलला ते त्यालाच ठाऊक. पण भंडारा कपाळाला लावला नाय. खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकात पान आणि भंडारा ठेवला आणि गाठ मारली.

खाली उतरल्यावर मी विचारलं, "हे काय?"

"कपाळाला लावला की लागला," दादा म्हणाला. "अजून हातातच आहे असं धरून चालू."

*

तेव्हापासून माझा भाऊ तो प्रश्न विचारत फिरला.

आधी महाराजांकडं गेला. "महाराज, उचललेला भंडारा परत खाली ठेवता येतो का?" महाराज तेव्हा सभामंडपाच्या नव्या पायावर पाणी मारून घेत होते. ते म्हणाले, "निवृत्ती, आधी चहा घे." चहा घेतला. मग म्हणाले, "आता मला जरा शहरात जायचंय."

सलीमभाईंना विचारलं. ते म्हणाले, "आमच्यात कसम तोडली तर दहा गरिबांना जेवू घालतात, मग माफी."

दादा म्हणाला, "दहाच? आमच्या सप्ताहात रोज हजार पान उठतं भाई! तरी आमचं सुटत नाय?"

मास्तरांकडं गेला. मास्तर खूश झाले. म्हणाले, "शपथ वगैरे काही नसतं रे निवृत्ती. तुला मत कुणाला द्यायचं ते दे. मत गुप्त असतं, कुणाला कळणार आहे?"

दादा म्हणाला, "मास्तर, ते तुमच्यापासून गुप्त. त्याच्यापासून नाय ना." आणि बोट वर केलं.

मास्तरांनी वर बघितलं. वर त्यांचाच स्लॅब होता. देव मानत नाहीत, पण माणूस भला, खोटं उत्तर दिलं नाय एवढं खरं.

शेवटी सुमनकाकूच गोडाऊनवर आल्या. पिंटूला आदल्या दिवशी पलीकडच्या गटारातून उचलून आणला होता. काकू ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "निवृत्ती, बाटलीला मत तू भोंग्यावर मागितलंस. तुझ्या आवाजावर बायकांनी शिक्का मारला. आता तुझं मत कुणाला जाणार, ते सांग."

दादानं उपरण्याची गाठ हातात धरली. काकूंनी ती बघितली. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं त्यात काय आहे.

"तुला देवाची भीती वाटते," काकू म्हणाल्या. "वाटू दे. मी कुणाकडं बघू तेवढं सांग."

दादा वायर गुंडाळायला लागला. काकू उठून गेल्या.

त्या दिवसापासून दादा भजनात पखवाज वाजवेना. टाळकरी म्हणायचे, "निवृत्ती, हात दुखतो का?" तो म्हणायचा, "व्हय." त्याच हातानं तो दिवसभर बांबू उचलायचा.

*

या किश्श्याला विनोद नाय. मतदानाला दहा-अकरा दिवस राहिले असतील. एका लग्नाचा मंडप बांधून झाला, दुपारची वेळ. दादानं माईक घेतला, म्हणाला, "रामकृष्ण हरी, चेक." मग खाली बसला. म्हणाला, "सोप्या, छातीत जळजळतंय. सोडा आण."

मी पळत गेलो. सोडा घेऊन आलो.

बाटली हातात होती, फोडायची राहिली.

*

तिसऱ्या दिवशी आमच्या घरासमोर मोठा फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' कोपऱ्यात दादाचा फोटो, आधार कार्डावरचा. मधोमध आण्णाचा, हात जोडलेला. दादा ताटाएवढा आणि आण्णा दरवाज्याएवढा.

मी घरातून ब्लेड घेऊन आलो. सलीमभाईंनी मला कमरेला धरलं. "सोप्या, आचारसंहिता आहे! तू हात नको लावू, मैं फोन करता." त्यांनी तक्रार केली.

दोन साहेब गाडीतून आले. बघितलं, विचारलं, "परवानगी आहे का?" कुणाकडं परवानगी नव्हती. मग म्हणाले, "फोटो झाकावा लागेल." कागद आणला, डिंक आणला. एक माणूस शिडीवर चढला. कागद होता लहान. आण्णाच्या तोंडावर पुरेना. खालून साहेब म्हणाले, "जेवढं झाकलं जातं तेवढं झाक आणि चल, अजून चार ठिकाणी जायचंय."

जेवढं झाकलं जातं तेवढं त्यानं झाकलं.

दादाचा फोटो झाकला आणि ते निघून गेले!

वहिनी दारात उभ्या होत्या. आई म्हणाली, "अगं, आपल्या निवृत्तीला का बंद केलं?" मला हसू आलं. तीन दिवसांत पहिल्यांदा आलं, आणि मग थांबता थांबेना. सलीमभाईंनी मला आत नेऊन बसवलं.

*

दहावा पैठणला होता. दुसऱ्या दिवशी मतदान. प्रचार बंद झालेला, पण दहाव्याला यायला कोण कुणाला अडवतंय? घाटावर सगळं माउलीनगर आलं होतं. भजनी मंडळ होतं, महाराज होते, मास्तर लांब झाडाखाली खिशात हात घालून उभे होते. सुमनकाकू आल्या होत्या, पिंटूला हाताला धरून. आण्णा दोन गाड्या घेऊन आलेला.

प्रवचनासाठी माईक आमचाच. मी वायर जोडली, बटण दाबलं, माईक तोंडापाशी नेला आणि आवाजच निघेना. सगळा घाट बघत होता. सलीमभाईंनी माझ्या हातातून माईक घेतला. घसा खाकरला. म्हणाले, "रामकृष्ण हरी, चेक."

मंडळातले दोन-तीन जण तिथंच खाली बसले.

प्रवचन झालं. पिंड ठेवला. सगळे मागं सरकले. कावळे होते, चांगले पाच-सहा, पण कुणी शिवेना. शेजारी दुसऱ्या कुणाचा पिंड होता, तो ठेवल्या ठेवल्या शिवला. आमच्याकडं येऊन बघायचे आणि परत झाडावर.

विधी करणारे गुरुजी म्हणाले, "काही राहिलं असेल मनात. बोला, ज्यांना बोलायचंय त्यांनी."

वहिनी पुढं झाल्या. "पोरीला शिकवीन हो. काळजी करू नका." कावळा नाय.

आई म्हणाली, "बाळा, माझं बघतील सगळे. तू जा." नाय.

सलीमभाई चप्पल काढून पुढं आले. "निवृत्तीभाऊ, सामान मैं संभालता. सोप्याला एकटा नाय सोडनार." एक कावळा जवळ आला, मान वाकडी करून बघितलं, उडाला.

मग आण्णा पुढं झाला. माईक त्यानं कुणी दिला नव्हता तरी घेतला. हात जोडले. "निवृत्ती! तुझं स्वप्न, तो सभामंडप, हा आण्णा पूर्ण करणार! विठ्ठलाची शपथ!"

होते नव्हते ते सगळे कावळे उडून नदीच्या पलीकडं गेले.

कुणीतरी मागं फिसकन हसलं. ऊन चढलं होतं. गुरुजींनी दर्भाची काडी हातात घेतली, कावळा आलाच नाय तर तीच पिंडाला लावतात. वहिनींनी तोंडाला पदर लावला. आई माझ्याकडं बघायला लागली. सगळ्यांकडं बघून झालं होतं, म्हणून माझ्याकडं.

दादाचं उपरणं माझ्या खांद्यावर होतं. दवाखान्यातून कपड्यांसोबत आलं होतं, गाठ तशीच.

मी उठलो. पिंडाकडं गेलो नाय. आण्णासमोर गेलो. म्हणालो, "आण्णा, हात करा."

आण्णाला वाटलं प्रसाद आहे. त्यानं डाव्या हातावर उजवा ठेवून पुढं केला, नीट, माळकऱ्यासारखा.

मी गाठ दातानं सोडली. पानाचा चुरा झाला होता. भंडारा मात्र तसाच, पिवळाधमक. सगळा त्याच्या तळहातावर ओतला. उपरण्याचं टोक झटकलं, चिमूटभर पण ठेवला नाय.

"हे काय, सोप्या?"

"दादाचा आहे. त्यानं कपाळाला लावला नव्हता. तुमचा तुम्हाला परत."

आण्णानं हाताकडं बघितलं. मग माणसांकडं. खाली टाकावा तर देवाचा. कपाळाला लावावा तर... त्यानं महाराजांकडं बघितलं. महाराज नदीकडं बघत होते. मंडळातल्या एकानं आपलं कपाळ पुसलं, मग शेजारच्यानं. आण्णा तसाच उभा, दोन्ही हात पुढं केलेले.

माझ्या पाठीमागं पंख फडफडले.

"शिवला! शिवला!" गुरुजी ओरडले. माईक आण्णाच्या काखेत होता, चालूच, त्यामुळं पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेलं.

त्यानंतर मागं वळून बघायचं नसतं. मी बघितलं नाय. पायऱ्या उतरलो, उपरणं नदीत बुडवलं, घट्ट पिळलं आणि टेम्पोच्या आरशाला वाळत बांधलं.